माझी शाया आणि डेडलॉक

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला जे मुख्य विषय असतात त्यांना कॉलेजात सगळे 'कोअर सब्जेक्ट' म्हणायचे. माझी आई 'कोरा सब्जेक्ट' म्हणायची. वडील डाइंग मिलमध्ये कामाला, त्यामुळे आमच्या घरात कोरा म्हणजे ज्याच्यावर अजून रंग चढलेला नाही असं कापड. निकालाच्या दिवशी ती अहिराणीत विचारायची, "तुना कोरा सब्जेक्ट निंघनात का रे?" आणि मी मनात म्हणायचो, माय, इतकं बरोबर नाव विद्यापीठालासुद्धा सुचलं नाही.

डेटा स्ट्रक्चर, डेटाबेस, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन, कंपायलर, सगळे माझ्याकडे कोरेच राहिले. बहुतेकांनी दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला दया येऊन मला सोडून दिलं. दोन विषयांनी मात्र सूड घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम आणि कॉम्प्युटर नेटवर्क. नापास झालो असं समजू नका. दोन्हींत पहिल्या फटक्यात पास झालो. गेली ती एक मुलगी, आणि ती या दोन विषयांपायी गेली. हसा, पण विषय खराच हा आहे.

दुसऱ्या वर्षी डेटा स्ट्रक्चरच्या लॅबमध्ये संगणक कमी आणि मुलं जास्त, म्हणून रोल नंबराप्रमाणे दोघांत एक मशीन मिळालं. माझ्या शेजारी ती आली. ती मराठी आहे हे मला हजेरीतच कळलं होतं, कारण तिचं आडनाव 'कर'वर संपत होतं. मी मराठी आहे हे तर शिपायालाही माहीत होतं. माझ्या आडनावाची सुरतेच्या डिंडोलीत, म्हणजे आमच्या वस्तीत, एकेका गल्लीत इतकी घरं आहेत की कुरिअरवाला आमच्याकडे पत्ता वाचत नाही, नाक्यावर उभा राहून नुसती हाक मारतो आणि जो येईल त्याला पाकीट देतो.

खुर्चीवर बसता बसता मी तिला विचारलं, "आ पीसी चालु छे?"

ती म्हणाली, "पीसी चालु छे, माउस बंध छे."

झालं. माउस दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाला, पण आमची भाषा तिथेच अडकली. दोन मराठी माणसं, सुरतेत, एकाच मशीनसमोर, कॉलेज संपेपर्यंत एकमेकांशी गुजरातीत बोलत राहिली. नोट्स गुजरातीत मागितल्या, भांडणं गुजरातीत केली, तिचे आजोबा गेल्याचं तिने मला गुजरातीत सांगितलं आणि मी तिचं सांत्वनही गुजरातीत केलं. ते इतकं वाईट होतं की ती रडता रडता माझं व्याकरण सुधारायला लागली.

तुम्ही विचाराल, मग मराठीत का नाही बोललास? त्याला कारण आहे, आणि ते कारण म्हणजे 'शाया'.

मी सातवीपर्यंत मराठी माध्यमाच्या शाळेत होतो. घरी अहिराणी. आमच्याकडे 'ळ' फारसा वापरात नाही, त्याच्या जागी 'य' चालतो. काळा तो काया, डोळा तो डोया. त्यावर आमचं कुणाचं काही अडलं नव्हतं. एकदा गणपतीत शहरातल्या मराठी मंडळींनी वक्तृत्व स्पर्धा ठेवली. बँकेतली, सरकारी कचेऱ्यांतली, शिक्षकी करणारी कुटुंबं समोर बसलेली, बायकांच्या नऊवाऱ्या, अत्तराचा वास. मी इस्त्रीचा शर्ट घालून स्टेजवर गेलो आणि ठणठणीत आवाजात सुरुवात केली, "माझी शाया मला फार आवडते. माझी शाया खूप सुंदर आहे. मी रोज सकायी अंघोय करून शायेत जातो."

समोरचे परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, "बाळ, ही शाया कुठे राहते?"

सगळा मांडव असा काही हसला की कनाती हलल्या. मला आधी वाटलं, भाषण रंगलंय. मीही हसलो. मग कळलं. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणून स्टीलचा डबा मिळाला. तो आजही घरात आहे, त्यात आई मिरच्या ठेवते. तेव्हापासून मी ठरवून टाकलं, ज्यांचं आडनाव 'कर'वर संपतं त्यांच्यासमोर मराठीत तोंड उघडायचं नाही. गुजरातीतही 'ळ' आहे, पण तिथे मी चुकलो तर लोक म्हणायचे, मराठी आहे, चालायचंच. मराठीत चुकलो की मला सांगायला काही उरायचं नाही.

मला तिचा आवाज आवडायचा, ती शून्यावर तिरकी रेघ मारायची ते आवडायचं, आणि माझा प्रोग्राम चालला नाही की ती ज्या गंभीरपणे "आमां तारो वांक नथी" म्हणजे यात तुझा दोष नाही असं म्हणायची तेही आवडायचं. दोष सगळा माझाच असायचा. ती हुशार होती. मी बोलघेवडा होतो. आमच्या मशीनवर ती प्रोग्राम लिहायची आणि तोंडी परीक्षेत मी बोलायचो. डेटाबेसच्या तोंडी परीक्षेला सरांनी मला विचारलं, "प्रायमरी की म्हणजे काय?"

मी म्हणालो, "सर, जी आईच्या कमरेला असते ती. बाकीच्या सगळ्या डुप्लिकेट."

ती इतकी हसली की सरांनी तिलाही बाहेर काढलं. कॉरिडॉरमध्ये उभी राहून ती डोळे पुसत होती, आणि मला वाटलं, हिच्यासमोर मी कितीही मूर्ख ठरलो तरी चालेल. फक्त मराठीत नको. बघा, अक्कल किती बारकाईने वापरली मी.

मग ऑपरेटिंग सिस्टिम आली. हा विषय शिकायची मला गरज वाटेना, कारण ऑपरेटिंग सिस्टिम मी रोज टाकत होतो. कापड मार्केटमधल्या साड्यांच्या दुकानांत जाऊन बिलिंगचे संगणक फॉरमॅट करायचे, नवीन सिस्टिम टाकायची, चहा प्यायचा, हा माझा जोडधंदा होता. सर वर्गात प्रोसेस आणि मेमरी शिकवत असताना मी एखाद्या शेठच्या गादीवर मांडी घालून बसलेला असायचो. माझं सगळं शास्त्र एका वाक्यात मावत होतं: मशीन अडलं की रीस्टार्ट कर.

डेडलॉकचं प्रकरण शिकवलं त्या दिवशीही मी मार्केटमध्येच होतो. सरांनी काय शिकवलं ते मला फार नंतर कळलं. त्यांनी मार्केटमधल्याच गल्लीचं उदाहरण दिलं होतं म्हणे. अरुंद गल्लीत साड्यांच्या गठ्ठ्यांनी लादलेले दोन टेम्पो समोरासमोर येतात. हा म्हणतो, तू मागे घे. तो म्हणतो, आधी तू. दोघांनाही पुढे जायचंय, दोघंही दुसऱ्याची वाट बघतात, आणि संध्याकाळपर्यंत कुणीच हलत नाही. संगणकातही दोन कामं अशीच एकमेकांसाठी खोळंबून बसतात, त्याला डेडलॉक म्हणतात. ज्या माणसाने हे उदाहरण स्वतः त्या गल्लीत उभं राहून रोज पाहिलं होतं, तो त्या वेळी त्याच गल्लीत दुसऱ्याच्या मशीनवर बसला होता.

दुसऱ्या दिवशी लॅब होती. तिने बराच मोठा प्रोग्राम लिहिला होता. लिहिता लिहिता ती थांबली. माझ्याकडे न बघता, स्क्रीनवर बघत हळूच म्हणाली, "आपणे पण डेडलॉकमां ज छीए ने?"

आपणही डेडलॉकमध्येच आहोत, नाही का.

आता मला काय ठाऊक डेडलॉक म्हणजे काय! मी ऐकलं फक्त 'लॉक'. मशीन लॉक झालं, हँग झालं. आणि हँग झालेल्या मशीनवर शहरात माझ्याइतका हात बसलेला माणूस दुसरा नव्हता. "एमां शुं," त्यात काय मोठं, असं म्हणून मी वाकलो आणि टेबलाखालचं बटण दाबून धरलं.

स्क्रीन काळी झाली. तिचा सकाळपासूनचा प्रोग्राम, सेव्ह न केलेला, गेला.

मी छाती काढून म्हणालो, "जो, थई गयुं." बघ, झालं. मशीन परत सुरू होईपर्यंत ती माझ्याकडे बघत होती, तिच्या डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला त्याचा अर्थ कळला असता. मग तिने पहिल्या ओळीपासून परत लिहायला घेतलं. मी कॅन्टीनमधून तिच्यासाठी लोचो आणला, भरपाई म्हणून. लोचो हा सुरतेचा पदार्थ, आणि लोचा हे मी रोज करत होतो ते. तिने तो खाल्लाही. शेव माझ्याकडे सरकवली.

पुढच्या वर्षी नेटवर्क होता. त्या वेळी मी शहाणपण केलं. मार्केटला जाणं बंद करून गाइड विकत घेतलं. गाइडात सगळी उत्तरं एकेका ओळीत होती आणि मी ती पाठ केली. परीक्षेच्या आधी कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून आम्ही एकमेकांना प्रश्न विचारत होतो. दोन संगणक एकमेकांशी बोलण्याआधी काय करतात, हा तिचा प्रश्न. मी धाडधाड सांगितलं: एक जण हॅलो पाठवतो, दुसरा म्हणतो ऐकलं, पहिला म्हणतो बरं, मग बोलणं सुरू.

"पण पहेलो हेलो कोणे करवानो?" तिने विचारलं.

"क्लायंटे."

"एटले?"

म्हणजे कोण, असं तिने विचारलं. मी गाइडातली ओळ आठवली. तिथे लिहिलं होतं, ज्याला सेवा हवी असते तो. मी ती ओळ सोपी करून, अगदी गुरुजींच्या थाटात सांगितली, "जेने गरज होय ए."

ज्याला गरज असेल तो.

तिने क्षणभर माझ्याकडे पाहिलं. "सारु," बरं, म्हणाली. आणि पुस्तक मिटलं. मला वाटलं, उत्तर बरोबर आलं म्हणून मिटलं. मी खूश होतो. परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला आणि मला पुरे मार्क मिळाले. आयुष्यात ज्या उत्तराला पुरे मार्क मिळाले असं ते माझं एकमेव उत्तर, आणि ते परत घेता आलं असतं तर मी सगळी डिग्री परत केली असती.

तरी एक संधी होती. ती मी कशी घालवली ते ऐका, कारण इथे मी स्वतःलाच मागे टाकलंय.

शेवटच्या प्रोजेक्टच्या सादरीकरणाच्या दिवशी तिची आई तिला न्यायला आली. मोपेडवर बसूनच होती, स्कार्फ बांधलेला. आम्ही दोघं गेटमधून बाहेर आलो तशी तिच्या आईने स्कार्फ सोडला आणि चक्क मराठीत विचारलं, "हाच का गं तो? काय रे, गाव कुठलं तुमचं?"

साधा प्रश्न. गाव कुठलं. एका शब्दाचं उत्तर. माझ्या गावाच्या नावात 'ळ' आहे. धुळे.

माझ्या डोळ्यांसमोर मांडव, कनाती, चष्मा पुसणारे परीक्षक. 'धुये' म्हणू? मी तोंड उघडलं आणि तोंडातून आलं, "अमे तो महाराष्ट्र बाजुना, आंटी."

आईने "बरं बरं" केलं. मग मला काही कळणार नाही अशा समजुतीने, हळू आवाजात, माझ्यासमोरच लेकीला म्हणाली, "अगं, हा तर पुरता गुजराती झालाय. तू म्हणत होतीस..."

"चल आई," ती म्हणाली. तिच्या तोंडून मराठी मी तेव्हा पहिल्यांदा ऐकली. दोनच शब्द.

त्यानंतर तिला पुण्यात नोकरी लागली आणि तिच्या बँकेतल्या वडिलांची बदली झाली. मी सुरतेजवळच्या इच्छापोरमधल्या एका कारखान्यात संगणक विभागात अर्ज केला. मुलाखतीला जाण्याआधी, आता काही इलाज नाही म्हणून, ऑपरेटिंग सिस्टिमचं पुस्तक आयुष्यात पहिल्यांदा उघडलं; परीक्षा तर मी डेडलॉक ऑप्शनला टाकून, जुन्या प्रश्नपत्रिकांच्या पाठांतरावर काढली होती. दुपार होती, घरात पंखा फिरत होता, आई ओट्यावर मिरच्या निवडत होती. डेडलॉकचं प्रकरण आलं. दोन कामं. दोघांकडेही दुसऱ्याला हवं असलेलं काहीतरी. दोघंही वाट बघतात. कुणीच सोडत नाही.

मी ते पान वाचलं आणि लॅबमधला तिचा आवाज ऐकू आला. आपणे पण डेडलॉकमां ज छीए ने.

आणि मी काय केलं होतं? बटण दाबलं होतं.

"काय व्हयनं रे?" आईने विचारलं. मी बहुतेक मोठ्याने काहीतरी बोललो होतो.

"काही नही माय. एक कोरा सब्जेक्ट निंघना."

मुलाखतीत योगायोगाने डेडलॉकच विचारला. मी असा काही समजावून सांगितला की समोरच्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. नोकरी लागली. आजही तिथेच आहे.

तिला फोन करायचं धाडस झालं नाही, ते खोटं कशाला सांगू. पण डिग्रीचं प्रमाणपत्र घ्यायला सगळ्यांना कॉलेजात यावंच लागणार होतं. मी रोज सकाळी मोटरसायकलवरून जाताना हेल्मेटच्या आत 'ळ' म्हणायला लागलो. वेळ, काळ, फळ, धुळे. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला बघायचा. काही दिवसांत मला 'ळ' यायला लागला. हेल्मेटच्या आत तर अगदी छान.

त्या दिवशी कचेरीच्या खिडकीसमोर रांग होती आणि ती माझ्यापुढे दोन माणसं सोडून उभी होती. केस कापलेले. तिने वळून पाहिलं, आणि सवयीने तिच्या तोंडून "अरे! केम..." इतकं निघालं.

मी ते पुरं होऊ दिलं नाही. म्हणालो, "कशी आहेस? थोडा वेय आहे का?"

वेय. तालीम सगळी हेल्मेटमध्येच राहिली.

ती हसली नाही. तिचा चेहरा असा झाला, जसा एखाद्याला खूप उशिरा त्याची हरवलेली वस्तू कुणीतरी आणून द्यावी. मग ती मराठीत बोलायला लागली आणि माझ्या लक्षात आलं की ती जपून बोलतेय. पाण्यातून चालल्यासारखी, एकेक शब्द चाचपून.

"तुला येते मराठी?" ती म्हणाली.

"घरी दुसरं काय बोलतात आमच्याकडे! म्हणजे, अहिराणी. पण तुझ्यासारखी शुद्ध नाही ना."

"माझी शुद्ध?" ती म्हणाली. "माझा जन्म भरूचचा, मग वडोदरा, मग इथे. पुण्याचे भाऊ-बहिणी सगळे हसतात मला. मी 'दूध पिली' बोलते, 'माझी पेन' बोलते. एकदा सगळ्यांसमोर बोलली, त्यांनी अजून नाही सोडलं. मला वाटायचं, तू मराठी शाळेत शिकलेला. तू तर मला खाऊनच टाकशील."

"मी? अगं, मला शाया म्हणता येत नाही!"

"मी वाट बघत होती," ती म्हणाली. 'होती' म्हणाली. पुण्यात ज्याला हसत असतील तेच ते 'होती'. "तू सुरू करशील, मग मी पण करेन. मी तुला विचारलं पण होतं."

"दोनदा."

"तुला कळलं होतं?"

"नाही. आत्ता कयलं. म्हणजे, गेल्या उन्हायात, पुस्तकात."

यावर मात्र ती हसली. रांग पुढे सरकली, मागचा मुलगा "चालो भाई, आगळ वधो" म्हणून ढकलायला लागला, आम्ही बाजूला झालो. खिडकीतल्या बाईंनी तिचं प्रमाणपत्र दिलं. तिने ते छातीशी धरलं. मी विचारलं, आता पुढे काय. तिचं लग्न ठरलं होतं.

"पुण्याचा?"

"वडोदऱ्याचा. गुजराती आहे." ती प्रमाणपत्राचा कोपरा सरळ करत होती. "त्याच्यासमोर माझी मराठी कोणी तपासत नाही."

माझ्याकडे 'चांगलं झालं' होतं, त्यात 'ळ' नव्हता, म्हणून तेवढं नीट म्हणालो.

"एक सांगू?" ती म्हणाली. "आत्ता काय बोललास तू पहिल्यांदा? ते परत बोल ना."

"काय? वेळ?" आता बरोबर आला, जसा नको तेव्हा येतो.

"नाही. तसं नाही. तुझ्यासारखं."

"वेय," मी म्हणालो.

ती हसली. डेटाबेसच्या तोंडी परीक्षेला कॉरिडॉरमध्ये हसली होती तशी, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मांडवातल्या हसण्यासारखं ते अजिबात नव्हतं. त्या हसण्याला मी इतकी वर्षं घाबरलो होतो, आणि ते इतकं चांगलं होतं. ते मला दर सोमवारी लॅबमध्ये ऐकता आलं असतं.

गेटबाहेर तिची रिक्षा उभी होती. बसताना ती वळली आणि आपल्याकडे निघताना म्हणतात तसं, अगदी नीट म्हणाली, "येते हं."

मराठीतलं इतकं साधं वाक्य. त्याला 'ये' एवढंच म्हणायचं असतं, आणि त्यात 'ळ' नाही, काही नाही, माझ्यासारख्यालाही चुकता येऊ नये असं ते आहे. रिक्षा सुरू झाली. मी हात वर केला, आणि इतक्या वर्षांच्या सवयीने तेच 'ये' माझ्या तोंडातून गुजरातीत निघालं, "आवजे."